सतरा मजली आणि शिडी नसलेला मनोरा

मागच्या हिवाळ्यात धुळ्याला एका छोट्या साहित्य मेळाव्यात एका तरुण कवीने जळगावच्या ‘सतरा मजली’वर कविता वाचली. कवी बी.ए.च्या वर्गातला, आवाज खणखणीत. सभागृहाने टाळ्या दिल्या, मीही दिल्या. कवितेत ती इमारत टोलेजंग होती, गगनचुंबी होती, तिच्या काचांत भांडवलदार हसत होते. तिच्या पायथ्याशी एक झोपडी होती आणि झोपडीत एक आई चूल फुंकत होती. शेवटी सुरुंग लागला आणि इमारत कोसळली. हे सारे रीतसर झाले.

मेळावा संपल्यावर एस.टी.ने जळगावला परतताना मला त्या टाळ्यांची लाज वाटू लागली. कविता वाईट होती म्हणून नव्हे. तीच कविता मी माझ्या विशीत लिहिली होती म्हणून. तेव्हा माझी इमारत मुंबईच्या नरिमन पॉइंटवरची होती. नरिमन पॉइंट मी पाहिलेले नव्हते. एका कॅलेंडरवर चित्र होते, तेवढ्यावर माझा विद्रोह उभा राहिला. ह्या तरुणाने निदान आपल्या जिल्ह्यातली इमारत निवडली, हे त्याचे माझ्यापुढचे पाऊल. पण निवडल्यावर त्याने ती पाहिली का, हा माझा प्रश्न आहे. आणि तो एका कवीपुरता नाही. गेली कित्येक वर्षे आपल्या कवितेत ‘टोलेजंग इमारत’ आणि ‘झोपडी’ ही जोडी बैलजोडीसारखी जुंपलेली आहे. नांगर जुना, तास ठरलेले, आणि जमीन मात्र कुणी उकरून पाहत नाही.

तेव्हा आधी इमारत पाहू.

जळगावची सतरा मजली ही कुणा शेठजीची माडी नाही. ती महानगरपालिकेची कचेरी आहे. दप्तरी नाव सरदार वल्लभभाई पटेल टॉवर, पण रिक्षावाल्याला ते नाव सांगून पाहा. तो ‘सतरा मजली’ म्हटल्याशिवाय मीटर पाडणार नाही. जळगावची महानगरपालिका झाली मार्च 2003 मध्ये. इमारत त्याआधीची, नगरपालिकेच्या काळातली. म्हणजे ज्या गावाला महानगर म्हणायला सरकार अजून तयार नव्हते, त्या गावाने सतरा मजले आधी चढवून ठेवले. खान्देशात लग्नाआधी मांडव मोठा घालण्याची हौस आहे, त्यातलाच हा प्रकार. रेल्वेने मुंबईकडून येताना केळीचे मळे संपतात, डाळमिलांची पत्रे दिसू लागतात आणि त्या बसक्या गावातून हा एकच खांब वर आलेला दिसतो. बाहेरगावाहून येणारी माणसे खिडकीतून बोट दाखवतात. मीही लहान मुलांना दाखवलेली आहे, हे कबूल करतो.

इमारतीचा परिसरही वाचण्यासारखा आहे. रस्ता महात्मा गांधींचा, चौक नेहरूंचा, टॉवर पटेलांचा आणि बाजूचे मार्केट महात्मा फुल्यांचे. स्टेशनच्या परिसरात बाबासाहेबांचा पुतळा. एवढ्या लहानशा जागेत इतके महापुरुष बसवलेले आहेत की फेरीवाल्याला बसायला जागा उरू नये! फुले मार्केटच्या भोवती कपडे, चपला, प्लॅस्टिकच्या बादल्या विकणारी माणसे आणि त्यांना उठवणारी पालिकेची गाडी ह्यांचा लपंडाव चालतो. ज्या जोतीरावांनी स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतली, दगड, चुना आणि मजूर ह्यांचा हिशेब ज्यांना ठाऊक होता, त्यांच्या नावाच्या बाजारात गरिबाच्या पथारीला सरळ उत्तर मिळू नये, ह्यावर कविता का होत नाही? थोड्या अंतरावर गोलाणी मार्केट. पालिकेच्याच जागेवर उभे राहिलेले ते अवाढव्य संकुल 2017 साली अस्वच्छतेमुळे काही दिवस बंद ठेवण्याचा आदेश जिल्हा प्रशासनाला काढावा लागला. मजले चढवले की झाले. ते झाडणार कोण, जिन्यातली घाण उचलणार कोण, हा हिशेब नकाशात नसतो. तो हिशेब ठरलेल्या वस्त्यांच्या नावावर आधीच मांडून ठेवलेला असतो.

आमच्या कवीच्या कवितेत भांडवलदार आहे, पण झाडूवाला नाही. ही चूक मला सर्वांत मोठी वाटते.

येथे कुणी म्हणेल, कवितेला असे तपशील मागणे हा मास्तरकीचा रोग आहे. मी मास्तर होतो, रोग कबूल. पण आपल्या मोठ्या लेखकांनी शहर कसे पाहिले, ते एकदा आठवू. पठ्ठे बापूरावांनी मुंबईची लावणी रचली, तिच्यात मुंबईचा थाट आहे, वैभवाचे कौतुक आहे. अण्णा भाऊ साठ्यांनीही मुंबईची लावणी लिहिली, आणि ती ह्या कौतुकाला दिलेले उत्तर आहे. अण्णा भाऊ वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी आलेले, पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेले. त्यांनी काय केले? एकाच दमात वरचे मलबार हिल आणि रात्रंदिवस राबणारे परळ शेजारीशेजारी ठेवले. शिवी दिली नाही, सुरुंग लावला नाही. नुसते कोण कुठे राहते ते सांगितले, आणि ते सांगणेच पेटते झाले. बाबूराव बागुलांच्या ‘मैदानातील माणसे’मध्ये थंडीत उघड्यावर रात्र काढणारी माणसे आहेत, तिथे शहराची उंची त्या माणसांच्या अंगातल्या हुडहुडीने मोजली जाते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) कावाखान्याची खोली न् खोली आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 साली आला, तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना लागली, कारण त्यातल्या वस्तीचे शब्दच मराठी मध्यमवर्गीय वाचकाला परके होते. ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ते इमारतीकडे मान वर करून पाहत बसले नाहीत. ते जमिनीवर बसले आणि तिथून जे दिसले ते लिहिले. मान वर करून लिहिलेल्या कवितेत मान तेवढी दुखते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

दलित साहित्यात उंच इमारतीची प्रतिमा कुठून सुरू होते? माझ्या मते ती कवितेत सुरू होत नाही. अग्रलेखात सुरू होते. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्यातल्या अग्रलेखात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. प्रत्येक जात हा त्या मनोऱ्याचा एक मजला, आणि ह्या मजल्यांना जोडणारी शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. खालच्या मजल्यावरचा माणूस कितीही लायक असला तरी वर जाणार नाही, आणि वरचा कितीही नालायक असला तरी खाली येणार नाही. ही उपमा आपण भाषणांत इतकी वापरली आहे की तिच्यातले बांधकाम आपल्याला दिसेनासे झाले आहे.

हा लेखक कुठून आला होता ते पाहा. जुलै 1913 मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तेथील ब्रॉडवे ह्या रस्त्यावर, शहराच्या व्यापारी टोकाला, वुलवर्थ बिल्डिंग खुली झाली होती. 57 मजले, 792 फूट, त्या वेळी जगातली सर्वांत उंच इमारत. कोलंबिया विद्यापीठही त्याच ब्रॉडवेवर, वरच्या अंगाला. लिफ्टला सुरक्षित गती देण्याची युक्ती ओटिस नावाच्या कारागिराने ह्याच शहरात 1850 च्या दशकात दाखवली होती. लिफ्टने एक विलक्षण उलथापालथ केली. लिफ्ट नव्हती तेव्हा वरचा मजला स्वस्त असे. जिने चढून दम लागतो म्हणून माळ्यावर नोकर, गरीब, विद्यार्थी राहत, आणि शेठ पहिल्या मजल्यावर. लिफ्ट आली आणि वरचा मजला महाग झाला. हवा, उजेड, देखावा ह्यांना भाव आला. शंभर वर्षांच्या आत मजल्यांची किंमत उलटीपालटी झाली.

जातीच्या मनोऱ्याचे तसे झाले नाही. तिथे यंत्र चालत नाही. ‘मूकनायक’मधल्या उपमेचे मर्म मला येथे दिसते. न्यूयॉर्कच्या इमारतीत खालून वर जाता येते. आत जाण्याची लायकी पैसा ठरवतो, आणि ती विषमता खोटी नाही, क्रूरच आहे. पण पैसा येतो-जातो. आपल्या मनोऱ्यात ये-जा हीच गोष्ट बांधणाऱ्याने काढून टाकली आहे. तेव्हा जो कवी सतरा मजलीला केवळ भांडवलशाहीचे प्रतीक करतो, तो एका इमारतीवर दुसऱ्या इमारतीचे नाव लिहितो. दोन्हींवर हल्ला करा, माझी हरकत नाही. पण कुठली कुठली आहे ते माहीत असू द्या.

आपली भाषाही ह्या बांधकामात सामील आहे. पायरी हा शब्द घ्या. पायरी चढण्यासाठी असते. पण मराठीत आपल्याला काय सांगितले गेले? ‘पायरी ओळखून राहा’, ‘पायरीने वाग’. म्हणजे पायरीवर उभे राहायचे, चढायचे नाही. शिडी नसलेल्या मनोऱ्यात पायऱ्या मात्र भरपूर आहेत! आणि पायरी म्हटले की पंढरपूर आठवते. महाद्वाराशी नामदेवाची पायरी आणि तिच्या समोर चोखोबाची समाधी. चोखोबा कसा मेला? परंपरा सांगते की 1338 साली मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते कोसळले आणि तो इतर मजुरांबरोबर दगडांखाली गाडला गेला. आपला पहिला मोठा कवी हा बांधकामावर मेलेला मजूर आहे, ही गोष्ट आपण अभंगांच्या गोडव्यात विसरतो. जी भिंत त्याच्या जातीला बाहेर ठेवण्यासाठी होती, तीच बांधताना तो मेला. आमच्या तरुण कवीला सुरुंगच हवा असेल तर त्याने ही कोसळलेली भिंत एकदा आठवावी. इमारत कोसळते तेव्हा पहिल्यांदा कोण सापडते?

माझी मावशी, आईची धाकटी बहीण, पंचवीस वर्षे झाडूकाम करीत होती. ठेकेदाराकडून, दुसऱ्या एका शहरातल्या एका कचेरीत. कचेरीचे नाव सांगत नाही, सांगण्यासारखे काही नाही, अशा कचेऱ्या पुष्कळ आहेत. सहा मजले, एक लिफ्ट. बादली आणि खराटा घेऊन लिफ्टमध्ये यायचे नाही, असा नियम होता. लेखी नव्हता. मावशी बादली भरून जिन्याने चढे. साहेबांची फाईल घेऊन शिपाई लिफ्टने जाई. एकदा मी शिकत असताना तिला म्हटले, मावशी, तक्रार का करत नाहीस? ती अहिराणीत म्हणाली, “तठे आपलं काय शे रे भाऊ?” तिथे आपले काय आहे. मी त्या वाक्यात हताशपणा ऐकला आणि रागावलो. आज मला ते वाक्य दुसऱ्या तऱ्हेने ऐकू येते. तो सरळ प्रश्न होता. तिथे आपले काय आहे? कुणीतरी उत्तर द्यायला हवे होते. मी तेव्हा नरिमन पॉइंट पाडत होतो.

हा प्रश्न सतरा मजलीला लावून पाहू. तिथे आपले काय आहे?

तिथे आपला कर आहे. आपले मत आहे. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर तिथे आपल्या राखीव जागा आहेत, आपल्या बायका निवडून जातात. जन्माचा दाखला, मरणाचा दाखला, नळाचे कनेक्शन, दुकानाचा परवाना हे सारे त्या इमारतीतून येते. आणि तिथे आपला झाडू आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे महाराष्ट्रातल्या पालिकांत सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ही शिफारस कामगारांच्या भल्यासाठीच झाली आणि तिच्यावर हजारो चुली पेटल्या, हे नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण जरा थांबून पाहा. ह्या देशात बापाची गादी, बापाचे दुकान, बापाचे शेत वारसाने मिळते. आणि एका माणसाला बापाचा खराटा वारसाने मिळतो. मी शिकवलेली मुले, बी.ए., एम.ए. झालेली, तो वारसा घेण्यासाठी अर्ज करतात. त्यांना मी करू नका असे सांगू शकलो नाही. भाकरी आणि साखळी एकाच धातूची असते तेव्हा काय सांगायचे? ह्यावर कविता अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. झोपडीतली आई त्याहून सोपी.

आणि तिथे आपले जे नाही, तेही मोजले पाहिजे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या नगरपालिकेने गरिबांसाठी हजारो घरकुले बांधण्याची योजना काढली. कर्ज हुडकोचे. पूर्ण झाली ती सुमारे दीड हजार. 2006 साली तेव्हाच्या आयुक्तांनी फिर्याद दिली. गैरव्यवहाराचा आकडा 29 कोटींचा. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला. 31 ऑगस्ट 2019 रोजी त्या न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले. त्यांत मंत्रिपद भोगलेले होते, नगरसेवक होते, ठेकेदार होते. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. कायद्याचे काय व्हायचे ते होईल. मी समीक्षक म्हणून एवढेच वाचतो: जी नगरपालिका स्वतःसाठी सतरा मजले चढवू शकली, तिला गरिबासाठी तळमजला पुरा करता आला नाही. सिमेंट तेच, गिरणेची वाळू तीच, सळई तीच, मुकादम आणि घमेली वाहणाऱ्या बायाही बहुधा त्याच वस्त्यांतल्या. पिंप्राळ्याकडे गेलात तर एका वस्तीला लोक ‘हुडको’च म्हणतात. कर्ज देणाऱ्याचे नाव वस्तीला पडले आहे. गावाला गावदेवीचे नाव पडते, पेठेला पेशव्याचे पडते. आपल्या वस्तीला सावकाराचे पडले.

ही आहे त्या इमारतीची खरी गोष्ट. ती भांडवलदाराची असती तर शिवी पुरली असती. ती आपल्या मतांवर उभी आहे, म्हणून हिशेब मागावा लागतो. शिवीपेक्षा हिशेब अवघड, आणि त्याला टाळ्याही कमी पडतात.

मी हे सारे त्या तरुण कवीला पत्राने कळवले. त्याचे उत्तर तिखट आले. “सर, तुम्ही इमारतीची बाजू घेता आहात. आम्ही चिडायचे पण नाही का?” पोराचा हा प्रश्न मला आवडला. चिडावे, जरूर चिडावे. नकार हा आपल्या साहित्याचा कणा आहे, आणि ‘समतोल’ नावाचे औषध प्रस्थापितांनी आपल्याला पुष्कळ पाजून पाहिले. पण नकार कशाला द्यायचा ते नेमके ठाऊक नसले की तो नकार कुणालाच लागत नाही. सतरा मजलीतल्या एखाद्या अधिकाऱ्याने ती कविता ऐकली असती तर त्यानेही टाळ्या दिल्या असत्या, कारण तिच्यात तो कुठेच नव्हता. घरकुलांच्या नुसत्या आकड्यांची यादी वाचली असती तर कदाचित खुर्च्या हलल्या असत्या.

धुळ्याच्या माणसाने उंचीवर लिहायचे तर त्याच्याजवळ दुसरीही एक उंची आहे. धुळे हे तसे सपाट, आखीव गाव. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने नवी पेठ वसवली, सरळ रस्ते पाडले. उंच म्हणावे असे काही असेल तर ते दक्षिणेला, आग्रा रोडवर, लळिंगचा किल्ला. त्याच्या परिसरातल्या लांडोर बंगल्यात 1937 साली बाबासाहेब राहिले होते. एका खटल्यासाठी वकील म्हणून ते धुळ्याला आले होते. दर वर्षी 31 जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. ऐन पावसाळ्याचे दिवस, चिखल, निळे झेंडे, डबे बांधून आलेल्या बाया. चढणीवर म्हातारी माणसे थांबत थांबत वर जातात आणि कुणी त्यांना पायरी ओळखायला सांगत नाही. बंगला तसा साधाच आहे. त्याचे मजले मोजावे असे कुणाला वाटत नाही.

गेल्या महिन्यात कवी जळगावला आला. आम्ही दोघे नेहरू चौकातून सतरा मजलीपर्यंत चालत गेलो. त्याने खिशातून वही काढली. मी म्हटले, राहू दे, आधी तासभर नुसता उभा राहा. तो उभा राहिला. एक बाई दाखल्याचा कागद पदरात धरून आत गेली आणि बऱ्याच वेळाने तसाच कागद घेऊन बाहेर आली. पावाची गाडी आली, गेली. एक सफाई कामगार फाटकाशी खराट्याचा बांध आवळत होता. कवीने त्याच्याशी बोलणे काढले आणि दोघे एकाच तालुक्याचे निघाले. पुढचा अर्धा तास माझ्याकडे कुणी पाहिले नाही.

कवितेचा दुसरा खर्डा परवा टपालाने आला. सुरुंग गेला आहे, आई गेली आहे. खराट्याचा बांध आवळणारा माणूस आला आहे आणि त्याच्या एम.ए. झालेल्या मुलाचा अर्जही. अजून दोन ठिकाणी ‘टोलेजंग’ आहे. मी त्या दोन्ही शब्दांखाली रेघ मारून कागद परत पाठवला आहे.